साथीचे गणित आणि एक नाणे



साथीच्या रोगांचे गणित जेथे शिकवले जाते तेथे बहुधा एक जुना आलेख दाखवला जातो. हा आलेख आपल्या मुंबईचा आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, ते त्यात ठिपक्यांनी दाखवलेले आहे. डिसेंबरात ठिपके अगदी तळाशी आहेत. मग ते चढत चढत एप्रिलच्या मध्यास आठवड्याला नऊशेच्या आसपास पोचतात आणि जुलै येईतो पुन्हा तळाला टेकतात. त्या ठिपक्यांच्या मधून एक गुळगुळीत, घंटेच्या आकाराची रेषा गेलेली आहे. ती रेषा म्हणजे गणिताने काढलेले उत्तर.

या रेषेशी मला आज थोडे भांडायचे आहे. ती इतकी सुबक बसते की ती पाहिल्यावर पुढे काही विचारावे असे वाटतच नाही, ही माझी तक्रार आहे. तुमच्यापैकी जे पुढे डॉक्टर, इंजिनियर किंवा नगरपालिकेचे सभासद होणार आहेत, त्यांनी हे भांडण आत्ताच ऐकून ठेवलेले बरे.

मुंबईत प्लेग आला तो १८९६ साली. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि मग वर्षामागून वर्षे तो हिवाळ्यात डोके वर काढीत राहिला. घरात उंदीर पडू लागले की माणसे चूलबोळकी उचलून माळावर झोपडी बांधायला निघत. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगाला १० मार्च १८९७ रोजी बळी पडल्या. तेव्हा आलेखावरचा एकेक ठिपका म्हणजे शेकडो घरांतला आकांत आहे, हे गणित करतानाही विसरू नये.

रेषा काढली गेली ती मात्र मुंबईपासून दूर, एडिंबरो येथे, १९२७ साली. काढणारे दोघे. विल्यम कर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ; १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्याचे डोळे गेले आणि पुढचे सारे संशोधन त्याने दृष्टीविना केले. दुसरा अँडरसन मॅकेंड्रिक. हा डॉक्टर, हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत त्याने कित्येक वर्षे काढली होती आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केले होते.

त्यांची कल्पना तुम्हांला सहज समजेल. वस्तीचे तीन भाग करा: ज्यांना रोग होऊ शकेल असे निरोगी, प्रत्यक्ष रोगी, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. रोग पसरतो तो पहिल्या दोघांच्या गाठीभेटींतून. म्हणून नव्या रोग्यांची संख्या निरोगी आणि रोगी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. सुरुवातीला निरोगी पुष्कळ म्हणून साथ भराभर वाढते. वाढता वाढता निरोगी कमी होतात, गुणाकार घटतो, आणि सगळी वस्ती आजारी पडण्यापूर्वीच साथ ओसरू लागते. वाळक्या गवतातला वणवा गवत विरळ झाले की आपोआप मंदावतो, तसेच काहीसे. मुंबईसाठी त्यांनी जे सूत्र बसवले त्यात साथीचा माथा सतराव्या आठवड्यात येतो, त्या आठवड्याचे मृत्यू ८९० निघतात, आणि रेषेखालचे सगळे मृत्यू मोजले तर ते ८,९०० भरतात.

आता भांडणाकडे येऊ. सूत्र काढताना दोघांनी काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे. सगळ्या उंदरांना लागण होण्याचा संभव सारखाच आहे. आणि मुख्य म्हणजे, लागण होण्याचा आणि मरण्याचा वेग डिसेंबरापासून जुलैपर्यंत एकच राहिला. यांतले एकही गृहीत काटेकोरपणे खरे नाही, म्हणून हे सूत्र फार ढोबळ समजावे, असे त्यांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवले आहे. मूळ लेखकांचा हा प्रामाणिकपणा पुढे त्यांचा आलेख छापणाऱ्यांपैकी अनेकांनी गाळून टाकला. रेषा राहिली, इशारा गेला.

मुंबईत डिसेंबर आणि मे यांत काय फरक असतो हे मुंबईकराला सांगावयास नको. प्लेगचे जंतू उंदरांकडून माणसाकडे नेतात त्या उंदरांवरच्या पिसवा. या पिसवांची संख्या ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते हे प्लेगवर संशोधन करणाऱ्या मंडळींनी मुंबईतच, पकडलेल्या उंदरांवरच्या पिसवा मोजून दाखवले होते. कडक उन्हाळा पिसवांना मानवत नाही. मग साथ जूनमध्ये का ओसरली? निरोगी उंदीर संपत आले म्हणून, की हवा बदलली म्हणून? घंटेसारखी रेषा दोन्ही कारणांनी निघू शकते. आणि प्लेग दर वर्षी जवळजवळ त्याच महिन्यांत चढत-उतरत होता, हे पाहिले तर हवेकडे बोट दाखवावेसे वाटते. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ साली याच आकड्यांचा पुन्हा विचार केला तेव्हा ऋतुमान धरल्याशिवाय सूत्रातल्या स्थिरांकांना पटण्याजोगा अर्थ राहत नाही, असे त्याला आढळले. रेषा ठिपक्यांतून गेली म्हणजे कारण सापडले असे नाही, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

परंतु ऋतू तरी ठरल्या वेळी येतो. डिसेंबर दर वर्षी थंड आणि मे दर वर्षी उकाड्याचा. तेवढा फरक सूत्रात घालता येतो. खरी अडचण आहे ती जे ठरल्याप्रमाणे येत नाही त्याची. पाऊस आठ दिवस आधी आला, मध्येच पंधरा दिवस उघडीप पडली, एखाद्या वर्षी थंडीच पडली नाही, नदीला पूर आला. अशा लहरी बदलांना सूत्रात जागा कशी द्यावयाची?

याचे उत्तर आहे: संभाव्यतेने. संभाव्यता म्हणजे ‘आम्हांला ठाऊक नाही’ असे सभ्य भाषेत सांगणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती चुकीचा आहे हे त्याच मॅकेंड्रिकने १९२६ साली, म्हणजे त्या सुबक रेषेच्या आधीच्या वर्षी, दाखवून दिले होते. हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकीची साथ आली होती. गावात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रोगी होते. बेरीज केलीत तर रोगी ८६ निघतील.

आता समजा, सगळे गाव एकच दूषित पाणी पीत होते आणि कोणाला रोग व्हावा हा केवळ नशिबाचा प्रश्न होता. तर ८६ रोगी २२३ घरांत कसे वाटले जातील, हे संभाव्यतेच्या नियमांनी काढता येते. एकेक रोगी असलेली घरे ५८ च्या आसपास निघावयास हवीत, होती ३२. तीन किंवा अधिक रोगी असलेली घरे एखाद-दोन निघावीत, होती सात. म्हणजे रोगी थोड्याच घरांत दाटलेले होते. मॅकेंड्रिकने उलट प्रश्न विचारला: किती घरांना धोका होता असे धरले तर ही वाटणी नशिबाच्या नियमांत बसेल? उत्तर आले, सुमारे ९३. त्यावरून त्याने तर्क केला की गावात विहिरी अनेक असाव्यात, त्यांतली एक नासलेली असावी आणि ९३ घरे तिचे पाणी पीत असावीत. गावात चौकशी केल्यावर तसेच निघाले. नशिबाच्या गणिताने नासलेली विहीर शोधून दिली, मित्रांनो! हा निबंध त्या रेषेच्या मानाने फारच थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

इथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. साथीत नशीब दोन प्रकारचे असते.

एक नशीब ज्याचे त्याचे. अमका बसमध्ये खोकणाऱ्याशेजारी बसला, तमका दोन बाक मागे बसला. प्रत्येकाचे नाणे वेगळे. रोगी एक-दोनच असतील तेव्हा हे नशीब फार प्रबळ असते. समजा प्रत्येक रोगी सरासरी दोघांना रोग देतो. गावात एकच रोगी आला, तर साथ पेटणारच असे तुम्हांला वाटेल. परंतु नेहमीच्या संभाव्यतेच्या हिशेबाने, पाचांतून एकदा ती लागण आपसूक विझून जाते. कारण पहिल्याच रोग्याची किंवा त्याने ज्यांना रोग दिला त्यांची कोणाची गाठच पडत नाही. रोगी शेकड्यांनी झाले की मात्र हे नशीब बोथट होते. एकाचे दुर्दैव दुसऱ्याच्या सुदैवाने भरून निघते, जसे हजार नाणी उडवली तर छापे पाचशेच्या आसपासच येतात.

दुसरे नशीब सगळ्यांचे मिळून एक. पाऊस पडतो तो सगळ्या गावावर. उकाडा होतो तो सगळ्या डासांना आणि सगळ्या माणसांना. इथे नाणे एकच, आणि ते सर्वांसाठी उडवलेले. गाव मोठे असो की लहान, हे नशीब बोथट होत नाही. लाख वस्तीच्या शहरात आणि पाचशे वस्तीच्या वाडीत ते सारखेच धारदार असते.

डेंग्यूचे उदाहरण घ्या. तो पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: पिंपात, कूलरमध्ये, टाकून दिलेल्या टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत. मधून मधून पडणारा भुरभुर पाऊस ही त्याची सुगी. तोच पाऊस मुसळधार झाला तर करवंट्यांतल्या अळ्या वाहून जातात. उष्मा वाढला की डासाच्या शरीरात विषाणू लवकर तयार होतो; फारच तापले तर डासच लवकर मरतो. म्हणजे एखाद्या आठवड्यात रोगी दीडपट होतील आणि पुढच्याच आठवड्यात घटतील, आणि हे वरून पडणाऱ्या पावसावर ठरणार.

आता एक नाणे आणि वही घ्या. अगदी साधा खेळ आहे. सुरुवातीला १०० रोगी धरा. दर आठवड्याला एकदा नाणे उडवा. छापा आला तर हवा रोगाला अनुकूल: दोन रोग्यांचे तीन होतात, म्हणजे संख्येला १.५ ने गुणा. काटा आला तर हवा प्रतिकूल: पाच रोग्यांचे तीनच उरतात, म्हणजे ०.६ ने गुणा. असे दहा आठवडे करा.

खेळण्यापूर्वी अंदाज बांधू. १.५ आणि ०.६ यांची सरासरी १.०५. म्हणजे सरासरीने साथ दर आठवड्याला शेकडा पाचने वाढते. दहा आठवड्यांत चक्रवाढीने १०० चे सुमारे १६३ होतील. साथ वाढणार, असा निकाल आपण देऊन टाकतो.

आता खरोखर खेळा. दहांत पाच छापे आणि पाच काटे आले, जे सर्वांत जास्त वेळा व्हावयाचे, तर काय होते? एक छापा आणि एक काटा मिळून १.५ × ०.६ = ०.९. अशा पाच जोड्या म्हणजे ०.९ चा पाचवा घात. १०० चे उरले ५९. साथ वाढलीच नाही, चांगली उतरली! छापे आणि काटे कोणत्या क्रमाने आले याने काही बिघडत नाही, कारण गुणाकारात क्रमाला किंमत नाही.

मग १६३ आले कोठून? दहा वेळा नाणे उडवण्याच्या एकूण वाटा १,०२४. त्यांपैकी ६३८ वाटांनी गेल्यास शेवटी ५९ किंवा त्याहून कमी रोगी उरतात. २१० वाटांनी १४८ होतात. उरलेल्या १७६ वाटांनी ३६९ किंवा त्याहून अधिक होतात. आणि आठ, नऊ किंवा दहाही छापे पडण्याच्या ज्या अवघ्या ५६ वाटा आहेत, त्यांत संख्या ९२३, २,३०७ आणि ५,७६७ अशी भडकते. सगळ्या वाटांवरच्या रोग्यांची बेरीज केली तर त्यांतले शेकडा बेचाळीस रोगी या ५६ वाटांवरच सापडतात. सरासरी वर ओढली आहे ती यांनी. १६३ या संख्येवर तर एकही वाट जात नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात हा खेळ खेळलात तर साधारण पंचवीस जणांची साथ विझत चाललेली असेल, आठ जणांची दीडपटीच्या आसपास, आणि सात जणांची हाताबाहेर गेलेली. या सातांत एखाद्याला नऊ छापे पडले, तर त्याच्या एकट्याच्या २,३०७ रोग्यांमुळे सगळ्या वर्गाची सरासरी ५७-५८ ने वर जाईल. तो मुलगा त्या दिवशी गैरहजर असला की सरासरी खाली. अशा सरासरीवर इस्पितळ बांधावयाचे?

बांधून पाहू. प्रश्न सोपा राहावा म्हणून असे धरू की दहाव्या आठवड्याच्या प्रत्येक रोग्याला एक खाट हवी, आणि सरासरी पाहून आपण १६३ खाटा मांडल्या. बहुतेक वर्षी निम्म्याहून अधिक खाटा रिकाम्या राहतील, आणि कोणीतरी म्हणेल, की पैसा वाया घालवला. सहा वर्षांतून साधारण एकदा रोगी ३६९ किंवा त्याहून अधिक येतील, माणसे व्हरांड्यात जमिनीवर झोपतील, आणि कोणीतरी म्हणेल, की गणित चुकले. वास्तविक गणित चुकलेले नव्हते. त्याच्याकडून एकच आकडा मागितला, ही चूक.

गणित शिकवणाऱ्यांनी आता आपल्या पाठ्यपुस्तकाकडे एकदा नजर टाकावी. ज्या संख्येने हा खेळ ठरवला ती १.५ आणि ०.६ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९५, एकाहून कमी, म्हणून साथ बहुधा विझते. या संख्येला भूमितीमध्य म्हणतात. तुमची आणि तिची ओळख आहे. काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला की तेथे ती भेटते. पण संभाव्यतेकडे ती कधी फिरकत नाही! संख्याशास्त्राच्या प्रकरणात मध्य, मध्यक, बहुलक आहेत, संभाव्यतेच्या प्रकरणात नाणी, फासे आणि पत्ते आहेत, भूमितीत भूमितीमध्य आहे. तिघे एकाच गावात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. नाणे एकदा किंवा दोनदा उडवायचे, छाप्याची संभाव्यता लिहायची, दोन गुण मिळवायचे, की झाले. नाण्यामागून नाणे उडत गेले आणि त्यांचा गुणाकार होत गेला तर काय होते, हा प्रश्न शाळेत विचारलाच जात नाही. माझ्या मते दहावीच्या मुलाला तो पूर्ण झेपतो. त्याला लागते एक नाणे आणि थोडा गुणाकार.

काही शिक्षक म्हणतील, मुलांना आधी निश्चित उत्तराची सवय लागू द्या. ‘असेही होईल, तसेही होईल’ हे शिकवले तर ती गोंधळतील. शासनातली मंडळीही असेच म्हणतात: आम्हांला एक आकडा सांगा, म्हणजे कामाला लागता येईल. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खाटा शेवटी मोजूनच मांडाव्या लागतात. पण ज्यांना गोंधळ होईल असे आपण म्हणतो, त्यांच्या घरी जाऊन पाहा. कोरडवाहू शेतकरी पाऊस सरासरीइतका पडेल असे धरून पेरणी करीत नाही. तो ज्वारीत किंवा बाजरीत तुरीच्या ओळी घालतो. पावसाने मध्येच दगा दिला तर एक पीक गेले तरी दुसरे हाती लागावे म्हणून. वाटा अनेक आहेत आणि त्यांतली एक वाईट आहे, हे धरून चालणे त्याला जमते. मग त्याच्या मुलाला का जमू नये?

आणि सरासरीवर भिस्त ठेवण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिलिमीटर. दोहोंची सरासरी काढली तर पाचशेच्या वर जाते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलेला नव्हता. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळले, त्या पाण्यातून लोक तासन् तास चालले, पायांच्या जखमांतून जंतू शिरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसच्या रोग्यांची संख्या एकदम चढली. आदल्या दहा वर्षांच्या आकड्यांतून काढलेल्या कोणत्याही सुबक रेषेत हा दिवस नव्हता. एक नाणे सगळ्या शहरासाठी पडले होते.

कोविडच्या वेळी बदल हवेत झाला नव्हता, तो विषाणूतच झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने आपल्या गणिती प्रारूपावरून सांगितले, की खबरदारी चालू ठेवल्यास फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस देशातील साथ अगदी खालच्या पातळीवर येईल. फेब्रुवारीत रोजचे नवे रोगी खरोखरच दहा-बारा हजारांपर्यंत उतरले. तोवर प्रारूप बरोबर होते. पण त्याच महिन्यात अमरावतीकडचे आकडे वाढू लागले. अधिक वेगाने पसरणारा डेल्टा हा प्रकार पुढे आला. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. मी त्या समितीला दोष देत नाही. पुढच्या सहा महिन्यांत विषाणू कसा बदलेल हे कोणत्याही सूत्राला ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु बातमी जी घरोघर पोचली ती एका रेषेची होती: साथ संपत आली. स्थिरांक बदलला तर रेषा कोठवर जाऊ शकेल, हे त्या रेषेबरोबर रंगवून दाखवले असते, तर ऑक्सिजनच्या टाक्यांचा विचार फेब्रुवारीतच झाला असता असे मला वाटते. निदान कोणीतरी तो विचार बोलून दाखवला असता.

आता एक काम तुमच्यासाठी. वरच्या खेळात समजा गावाने अंग झटकून काम केले आणि कोणत्याही एका प्रकारच्या आठवड्यात रोगाचा गुणक दहा टक्क्यांनी खाली आणला. अनुकूल आठवड्यातला १.५ खाली आणून १.३५ केला, तर जोडीचा गुणाकार १.३५ × ०.६ = ०.८१. त्याऐवजी प्रतिकूल आठवड्यातला ०.६ खाली आणून ०.५४ केला, तर १.५ × ०.५४ = तेच ०.८१. गुणाकाराला दोन्ही सारखेच! आपली सवय मात्र अशी की साथ भडकली की धूर फवारायचा आणि उतरली की स्वस्थ बसायचे. एडिस डासाची अंडी तर टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पिंपे नुसती रिकामी करून भागत नाही, ती आतून घासून वाळवावी लागतात. आणि हे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा डेंग्यूची कोणी आठवणही काढत नाही, तेव्हा केले तर रोगी थोडे असल्यामुळे काम हलके पडते.

उलट, गाव सुस्तावले आणि प्रतिकूल आठवड्यातला ०.६ वाढून ०.७ झाला, तर काय होईल ते करून पाहा. मग असा कोणता गुणक आहे की ज्याच्या खाली साथ बहुधा विझेल आणि ज्याच्या वर ती बहुधा पेटेल, ते शोधा. उत्तर एका ओळीत येते, परंतु ते आधी काढू नका. आधी दहा-दहा वेळा नाणे उडवून चाळीस जणांचे आकडे फळ्यावर लिहा, सर्वांत मोठा आकडा कोणाचा आहे ते पाहा, आणि मग खडू हातात घ्या.